पहिली वर्गणी दुसऱ्या मताला

कुणाच्या घरात मोठं दुखणं आलं की आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात अख्खी गल्ली हलते. मंडळाची पोरं पावतीपुस्तक काढतात, सोसायटीचे चेअरमन एक रक्कम जाहीर करतात, पुण्या-मुंबईत आणि आखातात गेलेली मंडळी तिथून पैसे पाठवतात, मराठी दैनिकात ‘मदतीचे आवाहन’ छापून येतं. अलीकडं मिलाप, केटो असले ऑनलाइन मंचही सोबतीला आलेत. पूर्वी ऑपरेशनला दोन-चार लाख जमवायचे, आता कमानीवरच्या फलकावर रुग्णाचा फोटो, खाली ‘दुर्मिळ कर्करोग, परदेशात उपचार’ आणि त्याखाली कोटीतला आकडा. लोक तरीही देतात. पाचशे देणारा पाचशे देतो, पन्नास देणारी भाजीवाली पन्नास देते, आणि देताना कुणी रुग्णाची जात किंवा भाषा विचारत नाही. शेजारची कानडी घरंही या पावतीपुस्तकात असतात.

या देण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पैसा कुठल्या क्रमानं खर्च होतो याबद्दल आहे. परदेशातल्या उपचारासाठी जमलेल्या रकमेतला पहिला रुपया तिकिटाला, व्हिसाला किंवा तिथल्या हॉस्पिटलच्या ॲडव्हान्सला जाता कामा नये. तो दुसऱ्या मताला, म्हणजे मोठ्या केंद्रातल्या दुसऱ्या डॉक्टरकडून निदान तपासून घ्यायला, गेला पाहिजे. निदान बरोबर आहे का, उपचार खरंच परदेशातच आहे का, आणि असल्यास या रुग्णाला त्याचा उपयोग होण्याची शक्यता किती, या तीन प्रश्नांचं लेखी उत्तर आल्याशिवाय गावानं मोठी वर्गणी सुरू करू नये. हे बोललं की माणसं दुखावतात. ‘पोरगं मरायला टेकलंय आणि तुम्ही कागद मागताय’ असं तोंडावर ऐकावं लागतं. तरी मी म्हणणार.

दुर्मिळ कर्करोगाची मोठी अडचण निदानात असते, हे आपल्या कमानीवरच्या फलकांना ठाऊक नसतं. युरोपात वर्षाला लाख लोकांमागं सहापेक्षा कमी जणांना होणाऱ्या कर्करोगाला दुर्मिळ म्हणतात. असे प्रकार दीड-दोनशेच्या घरात आहेत, आणि सगळे मिळून धरले तर तिथल्या दर चार-पाच कर्करुग्णांत एक या गटातला निघतो. म्हणजे ‘दुर्मिळ’ रुग्ण बरेच असतात, पण एकेक प्रकार एकेका डॉक्टरच्या नजरेखाली फार थोडा जातो. तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजिस्टनं एखाद्या जातीचा सार्कोमा (हाडा-मांसातला कर्करोग) आयुष्यात दोनदा पाहिला असेल, परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरसमोर तो वरचेवर येतो. यात तालुक्याच्या डॉक्टरचा काही दोष नाही. पण पुढचं सगळं, म्हणजे केमो कुठली, ऑपरेशन आधी की नंतर, परदेशातलं ते औषध लागू पडणार की नाही, हे त्या एका कागदावर उभं असतं.

आणि तो कागद तपासून घेता येतो. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, करंगळीच्या पेराएवढा, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत. त्यातून पातळ काप काढून काचेवर चढवले की स्लाइड होते. ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात आणि रुग्णानं मागितले तर मिळतात. ते मोठ्या केंद्रात नेऊन पुन्हा वाचून घेणं ही दुर्मिळ कर्करोगातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची तपासणी. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत एमआरआयच्या मोठ्या फिल्मा कापडदुकानाच्या पिशवीत व्यवस्थित गुंडाळून ठेवलेल्या असतात. ‘ब्लॉक आणलाय का?’ म्हटलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. कारखान्याच्या काट्यावर ऊस घालून आलेला आमचा शेतकरी बाहेरच्या काट्यावरही वजन करून बघतो. तोच शेतकरी शेत गहाण टाकण्याआधी आजाराचं निदान दुसऱ्या काट्यावर घालत नाही, कारण तसं घालता येतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जांबोटीच्या बाजूच्या एका गावात मारुतीच्या देवळात अशी एक बैठक झाली, तिला मी होतो. तिशीतला गडी, कवटीच्या बुडाशी गाठ, निदान कॉर्डोमा. हा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होतो. ऑपरेशन होऊन गेलेलं, थोडी गाठ शिल्लक, आता प्रोटॉन थेरपी हवी आणि त्यासाठी जर्मनीला जायचं, असं घरच्यांचं ठरलेलं. हातात एका एजंटामार्फत आलेलं एकपानी अंदाजपत्रक. खाली युरोतली एकच बेरीज. वर तपशील काही नाही: किती दिवस, किती सिटिंग, राहायचा खर्च धरलाय की नाही, मध्ये काही बिघडलं तर जादा किती. पंचांपैकी एका म्हाताऱ्यानं चष्मा पुसून तो कागद उलटापालटा केला आणि विचारलं, “एवढं कशाकशाचं, ते कुठं लिवलंय?” कुणाला उत्तर देता आलं नाही. मग रुग्णाची मिरजेत नर्स असलेली मावसबहीण फोनवर होती, तिनं विचारलं, “खारघरला दावलंय काय?”

दाखवलं नव्हतं. खारघरला टाटाचं केंद्र आहे, पण ‘टाटा’ म्हणजे शेवटच्या स्टेजला जायची जागा, एवढीच त्या घराची समजूत. प्रोटॉनचा मुद्दा खरा होता. साध्या रेडिएशनचा किरण गाठीच्या पलीकडंही जातो, प्रोटॉनचा झोत ठरवलेल्या खोलीवर थांबवता येतो, म्हणून मेंदूच्या देठाला किंवा डोळ्याच्या नसेला चिकटलेल्या गाठीत त्याला महत्त्व आहे. दहा वर्षांपूर्वी त्यासाठी परदेश हाच रस्ता होता, हेही खरं. पण २०१९ मध्ये चेन्नईत अपोलोचं प्रोटॉन केंद्र सुरू झालं आणि २०२३ मध्ये टाटाच्या खारघर केंद्रात रुग्ण घ्यायला सुरुवात झाली. एजंटानं हे सांगितलं नाही. तो कशाला सांगेल? त्याचं कमिशन जर्मनीत होतं. त्या गड्याला खारघरला थांबावं लागलं, हेलपाटे झाले, घरचे वैतागले. पण उपचार तिथंच झाले आणि देवळात लिहिलेल्या आकड्यांपैकी बराचसा गोळा करायची वेळच आली नाही.

असंच रक्ताच्या कर्करोगाचं. कार-टी नावाच्या उपचारात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करून, कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून परत सोडतात. अमेरिकेत हे तीन-चार कोटींच्या घरात जातं आणि त्यासाठी आपल्याकडं आवाहनं निघायची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. खर्च परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. तोही सामान्य घराला झेपणारा नाही, पण कोटी आणि लाख यांत गावाच्या वर्गणीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठरावीक रक्तकर्करोगांनाच हा उपचार लागू पडतो. म्हणून पुन्हा प्रश्न निदानाचाच.

सगळंच भारतात आहे असा माझा दावा नाही. मुलांमधल्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाच्या जोखमीच्या प्रकारात, कर्करोगाच्या पेशीवरच्या जीडी-२ नावाच्या खुणेवर चालणारी इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारा उपचार) अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाली, युरोपातही झाली. आपल्याकडच्या मुलाला ती मिळवून देणं आजही सोपं नाही. अशा वेळी आईबापांनी परदेशाकडं धाव घेतली तर त्यांना वेड्यात काढणारा मी कोण? पण तिथंही मधला एक रस्ता असतो. भारतात मान्यता नसलेलं औषध एका रुग्णापुरतं मागवायला औषध नियमांत परवान्याची सोय आहे. डॉक्टरचं पत्र आणि अर्ज लागतो. रुग्णानं औषधाकडं जायचं की औषधानं रुग्णाकडं यायचं, हा प्रश्न बैठकीत निघतच नाही. गेल्या काही वर्षांत कर्करोगाच्या आणि दुर्मिळ आजारांच्या अनेक औषधांवरची कस्टम ड्युटी केंद्रानं टप्प्याटप्प्यानं माफ केली आहे, तेव्हा आयातीचं गणित पूर्वीइतकं भयंकर राहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कान टोचून सांगायला हवी. ‘प्रायोगिक उपचार’ म्हणून रुग्णाकडूनच लाखो-कोटी मागणाऱ्या परदेशी क्लिनिकपासून चार हात लांब राहा. रीतसर चाचणीत प्रयोगातल्या औषधाचा खर्च सहसा कंपनी किंवा संशोधन संस्था उचलते. प्रयोगही तुमच्यावर आणि बिलही तुमच्यावर, असं जिथं असेल तिथं गावाचा एक रुपयाही जाऊ नये.

यावर आक्षेप येतो तो वेळेचा. ‘मत येईपर्यंत माणूस जाईल.’ काही आजारांत दिवस मोजायचे असतात, खरं आहे. पण व्हिसा, पासपोर्ट, रक्कम उभी करणं यातही आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात मत येऊ शकतं. टाटाशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे, कागद आणि स्कॅन पाठवून तज्ज्ञांचं मत घरबसल्या घेता येतं. ज्यांना जायचंच आहे त्यांना बेळगावातून मुंबई आणि बंगळूर दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर; इकडं टाटा, तिकडं किदवाई कर्करोग संस्था. हुबळीला, मिरजेला कर्करोगाची हॉस्पिटलं आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातच केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं. चालुक्य एक्सप्रेसनं दादरला उतरलं की गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे, जिथं वर्षानुवर्षं टाटाचे रुग्ण राहतात. टाटातली गर्दी, परळच्या फूटपाथवर चटई टाकून पडलेली माणसं ही या देशाला लाज आणणारी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण गर्दीला कंटाळून फ्रँकफर्ट गाठणं हे त्याचं उत्तर होत नाही, निदान दुसऱ्यांच्या पैशातून नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. शेवटचा प्रयत्न करायचा हक्क माणसाला असतो, त्यात टक्केवारी बघायची नसते. मान्य, पण स्वतःच्या पैशापुरतं. बापानं घर विकून मुलीला नेलं तर त्यात बोलायचा अधिकार कुणालाच नाही. गावाचा पैसा आला की तो निर्णय काही अंशी गावाचाही होतो. त्या वर्षी त्याच गावातल्या दुसऱ्या घरी बाळंतपणात रक्त कमी पडलं, तिसऱ्या घरी डायलिसिस सुरू झालं, तर त्यांच्यासाठी पावतीपुस्तक पुन्हा निघत नाही. लोकांचा हात एकदाच मोकळा होतो. शिवाय परदेशी जाणाऱ्या रुग्णासोबत बहुधा एकच नातलग जाऊ शकतो. भाषा येत नाही, जेवण जात नाही, आणि उपचार फसला तर शेवटचे दिवस कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत जातात. हेही कुणीतरी घरच्यांना आधी सांगायला नको का? डॉक्टर आडून आडून सांगतात, नातेवाईक ऐकत नाहीत, आणि फलकावर फक्त ‘तुमच्या मदतीनं जीव वाचेल’ एवढंच छापलं जातं.

आता सरकारचं. दोन सरकारं आमच्यासाठी भांडतात, तेव्हा मदतही दुप्पट असेल असं बाहेरच्याला वाटेल. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार; त्यावरच्या उत्पन्न गटाला तुटपुंजा हिस्सा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तर कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. २००४ पासून सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. मधल्या काळात खानापूरचा रुग्ण नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) कन्नडमध्ये उत्पन्नाचा दाखला काढतो आणि महाराष्ट्रातल्या खिडकीवर त्याचा अर्थ समजावत बसतो. पण खरी गोम वेगळीच आहे. या दोन्ही योजनांत परदेशी उपचार बसत नाहीत. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण ५० लाखांपर्यंत मदत देतं, पण त्याची यादी मुख्यतः जनुकीय आजारांची आहे. राष्ट्रीय आरोग्य निधीतून गरीब कर्करुग्णाला १५ लाखांपर्यंत मिळू शकतात, तेही देशातल्या सरकारी हॉस्पिटलात.

सरकारनं परदेशाचा खर्च द्यावा अशी माझी मागणी नाही. एवढी मागणी आहे की जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी एक टेबल असावं, जिथं असं कुटुंब फाइल घेऊन गेलं की ब्लॉक-स्लाइड मोठ्या केंद्रात पाठवली जाईल आणि लेखी मत मराठीत किंवा कन्नडमध्ये, घरच्यांना कळेल असं, हातात मिळेल. देशातल्या कर्करोग केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे. नवीन इमारत लागत नाही, कोनशिला बसवायला कुणा मंत्र्याला बोलवावं लागत नाही. कदाचित म्हणूनच होत नसेल.

ते होईपर्यंत पंचांनी करायचं. पैशाच्या बाबतीत आमची मंडळं एरवी चोख असतात. गणपतीचा हिशेब फळ्यावर लागतो, अगदी मंडपवाल्याच्या बाकीसकट. उपचाराच्या वर्गणीचा का लागत नाही? घरच्यांच्या तोंडावर विचारायला जीभ रेटत नाही म्हणून. म्हणूनच हिशेबाची अट पहिल्याच बैठकीत, कुणी रडत नसताना, लिहून घ्यायला हवी. खातं घरचा एक आणि गावचे दोन अशा तिघांच्या सहीचं. शक्य तेवढे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यावर. रुग्णाच्या एकट्याच्या खात्यावर घेऊ नयेत याला कायद्याचंही कारण आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांवर आलेली रक्कम आयकराच्या नजरेत उत्पन्न ठरू शकते. व्यक्तीला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्यालाही आधी सांगावं. परदेशी पैसे पाठवताना दहा लाखांवरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो खरा, पण आयुष्यात कधी विवरणपत्र न भरलेल्या शेतकऱ्याला ते कोण सांगणार? ऑनलाइन मंचावर मोहीम चालवली तर त्यांची फी, तिच्यावरचा जीएसटी आणि देणाऱ्याकडून हळूच मागितली जाणारी ‘टिप’ याचाही हिशेब धरावा.

आणि उरलेल्या पैशाचं आधीच ठरवावं. रुग्ण वाटेतच गेला, उपचार स्वस्तात झाला किंवा बेत रद्द झाला तर रक्कम कुठं जाणार? हे लिहिलेलं नसलं की तेराव्यानंतर कुजबुज सुरू होते. अमक्यानं गाडी घेतली, तमक्यानं स्लॅब टाकला. खरं-खोटं देव जाणे, पण ज्या घरात माणूस गेलाय त्या घरावर हा संशय बसणं याहून क्रूर काही नाही, आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी त्याच गावात पावतीपुस्तक फिरत नाही. उरलेले पैसे गावच्या आजारपण निधीत जातील, एवढं एक वाक्य पावतीच्या मागं छापलं की हा सगळा विषय मिटतो.

राहिला तो एक प्रश्न, जो आपण विचारतो आणि जो विचारू नये. “शेत इकलंय काय अजून?” दीड एकर भातशेती असलेल्या घराला मदत द्यायची तर आधी ते घर भिकेला लागलेलं दिसलं पाहिजे, ही आपली न बोललेली अट आहे. त्या अटीपायी माणसं निदान पक्कं होण्याआधीच सातबारा-उताऱ्याचे कागद सावकाराकडं ठेवतात आणि मग रिकाम्या हातानं पंचांपुढं येतात. ज्याचा भाऊ शिक्षक, मेहुणा लष्करात, भाची पुण्याच्या कंपनीत, त्याच्यासाठी मोहीम फिरते; ज्याचं कुणी नाही त्याचा फोटोसुद्धा धड निघत नाही. मोठ्या केंद्राचं लेखी मत हातात असलं तर निदान या दोघांना एकाच मापानं मोजता येतं.

मत ‘इथंच उपचार करा’ असं आलं तर मुंबईत राहण्या-जेवण्याची, येण्या-जाण्याची आणि योजनेत न बसणाऱ्या औषधांची वर्गणी काढावी. ती लहान असते आणि तिला फलक लागत नाही. मत ‘आता त्रास कमी करण्यापलीकडं काही नको’ असं आलं तर वेदनेची औषधं, घरी येणारी नर्स आणि त्या माणसाची बुडालेली मजुरी यासाठी पैसे द्यावेत; अशा घराला आपण आज एक पैसाही देत नाही. आणि मत ‘जा, तिथं उपयोग होईल’ असं आलं, तर मात्र कुणी शेताचं विचारू नये. पावतीपुस्तकाचं पहिलं पान पंचांनी आपल्या घरापासून फाडावं.